हप्त्याहप्त्याने

हेलन केलरबाईंची दृष्टी आणि श्रवणशक्ती त्यांच्या वयाच्या अवघ्या १९व्या महिन्यात एका आजाराने एकदमच नेली, आणि आपण काय गमावले याची स्मृतीदेखील त्यांच्यापाशी फारशी उरली नाही. न्यूयॉर्क शहरी मानसोपचाराचा व्यवसाय करणाऱ्या रिबेका अलेक्झांडर यांचे प्राक्तन निराळे आहे. ऋणको पुरता जागा असताना सावकाराच्या माणसांनी वरचेवर येऊन घरातील एकेक जिन्नस जप्त करून न्यावा, त्याप्रमाणे त्यांची दोन्ही प्रमुख ज्ञानेंद्रिये हप्त्याहप्त्याने त्यांच्या ताब्यातून जात आहेत. जे गेले त्याची आठवण शाबूत आहे, आणि जे जावयाचे आहे त्याची नोटीस आधीच बजावलेली आहे.

या व्याधीस अशर सिंड्रोम म्हणतात. चार्ल्स अशर या ब्रिटिश नेत्रवैद्याने १९१४ साली ती आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले, म्हणून त्याचे नाव तिला चिकटले. तिच्या मुख्य प्रकारांपैकी पहिल्यात मूल जन्मतःच ठार बहिरे असते, दुसऱ्यात जन्मापासून ऐकू कमी येते; तिसऱ्यात, म्हणजे रिबेकाबाईंच्या प्रकारात, दोन्ही इंद्रिये आरंभी बरीचशी धड असून कालांतराने झिजत जातात. हा प्रकार विरळ असला तरी फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यात अधिक आढळतो. सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले तरच रोग प्रकट होतो, आणि ते दोघे स्वतः धडधाकट असल्यामुळे त्यांना बहुधा त्याची वार्ताही नसते. डोळ्यात प्रथम दृष्टिपटलावरील दंडपेशी मरू लागतात, म्हणून रातांधळेपणा येतो. पुढे दृष्टीचा परीघ चोहोबाजूंनी आकसत जाऊन मधोमध लहानसा झरोका काय तो उरतो. कानात तशीच गत आंतरकर्णातील केशपेशींची होते.

डोळ्यांचे निदान झाले तेव्हा रिबेकाबाई १२ वर्षांच्या होत्या. डोळे व कान या दोहोंच्या मुळाशी एकच रोग आहे, हे त्यांना १९व्या वर्षी कळले. दरम्यान १८व्या वर्षी घराच्या खिडकीतून सुमारे २७ फूट खाली फरसबंदीवर पडून त्यांची अनेक हाडे मोडली, आणि चालणेसुद्धा नव्याने शिकावे लागले. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या समाजकार्य व सार्वजनिक आरोग्य या विषयांतील दोन पदव्युत्तर पदव्या त्यांनी मिळविल्या. त्या किलिमांजारो पर्वत चढल्या याचे वर्तमानपत्रांना मोठे अप्रूप. मला मात्र त्यांच्या दवाखान्यातील खुर्चीचे अधिक वाटते.

कारण मानसोपचारात रुग्ण काय बोलला याच्याइतकेच तो कोठे अडखळला, कोणत्या शब्दापाशी त्याचा आवाज उतरला आणि त्या क्षणी त्याच्या मुद्रेवर काय उमटले, हे टिपावे लागते. म्हणजे ज्या दोन साधनांवर हा व्यवसाय उभा, नेमकी तीच येथे क्षीण होत आहेत. बहिऱ्या माणसास डोळ्यांचा आणि अंधास कानांचा आधार असतो, हा सर्वसाधारण न्याय या रोगापुढे लटका पडतो. ओठ वाचून संभाषण समजावे, तर ओठ वाचण्यासाठी दृष्टी लागते. आवाजाच्या रोखाने वाट काढावी, तर आवाजच अंधुक. २०१३ साली रिबेकाबाईंनी कॉक्लियर इम्प्लांट बसवून घेतले. हे यंत्र मृतप्राय केशपेशींना वगळून विद्युत्‌संकेत थेट श्रवणतंत्रिकेस पोहोचविते; परंतु तो नाद मूळच्या नादासारखा नसतो, आणि त्याचा अर्थ लावण्यास मेंदूला चिकाटीने शिकवावे लागते. दुसरी तजवीज स्पर्शाची. समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवून त्याच्या खुणा उमजून घेण्याची सांकेतिक भाषा त्यांनी, दृष्टीचा झरोका उघडा असतानाच, शिकून ठेविली आहे. २०१४ साली त्यांचे ‘नॉट फेड अवे’ हे आत्मकथन सहलेखिकेच्या साहाय्याने प्रसिद्ध झाले.

निराळ्या एका जनुकामुळे येणाऱ्या दृष्टिपटलाच्या रोगावर २०१७ साली अमेरिकेत जनुकीय उपचारास मान्यता मिळाली. अशरच्या तिसऱ्या प्रकारास कारण होणाऱ्या जनुकावरही प्रयोग झाले असून, उंदरांचे श्रवण टिकवून धरण्यात संशोधकांना यश आले आहे. टिकवून धरणे, एवढेच; मेलेल्या पेशींवर या उपचाराची मात्रा चालत नाही, आणि म्हणून अशा रुग्णास प्रयोगशाळेतील कामाची मुदत आणि स्वतःच्या उरलेल्या पेशींची मुदत या दोहोंचा हिशेब एकदमच ठेवावा लागतो.