चढणीचा मासा आणि पन्नास टर्बाइन

मृगाचा पाऊस लागला की कोकणात वलगणीचे मासे चढतात. ओढ्याचं पाणी भातखाचरांत पसरतं आणि अंड्यांनी पोट भरलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने खाचरांकडे धावतात. ॲमेझॉनच्या जंगलात याच सोहळ्याला 'पिरासेमा' म्हणतात. हा तुपी भाषेतला शब्द, आणि त्याचा अर्थ माशांचं निघणं. वर्षावनातल्या नदीवर कमी नुकसान करणारं जलविद्युत केंद्र उभारता येतं का, याचं उत्तर मेगावॅटच्या तक्त्यात मिळत नाही. ते या चढणीत मिळतं.

कमी नुकसानीची भाषा ब्राझीलमध्ये का सुरू झाली, हे कळायला बाल्बिना धरणाकडे पाहावं लागतं. मनाउस शहराला वीज देण्यासाठी उआतुमां नदी १९८७ मध्ये अडवली गेली. प्रदेश सपाट, त्यामुळे पाणी पसरतच गेलं. सुमारे २,३६० चौरस किलोमीटर जंगल पाण्याखाली गेलं, म्हणजे जवळजवळ चार बृहन्मुंबया, आणि केंद्राची क्षमता अवघी २५० मेगावॅट. टेकड्यांचे माथे तेवढे बेटं होऊन उरले. साडेतीन हजारांच्या आसपास बेटं. वाइमिरी-आत्रोआरी आदिवासींचीही जमीन बुडाली. पाण्याखाली कुजणारी झाडं आजही मिथेन सोडतात. बाल्बिना ही चूकच होती, आणि तिचा धसका पुढच्या प्रत्येक आराखड्याने घेतला.

शिंगू नदीवरच्या धरणाचा आराखडा त्याच काळातला. फेब्रुवारी १९८९ मध्ये आल्तामिरा गावात आदिवासींची मोठी सभा भरली. तिथे तुइरा नावाच्या कायापो तरुणीने सरकारी वीज कंपनीच्या अभियंत्याच्या गालाला कोयत्याचं पातं लावलं. ते छायाचित्र जगभर गेलं आणि प्रकल्प गुंडाळला गेला. पुढे तो बेलो मोंते या नावाने परत आला, तेव्हा जलाशय १,२२५ चौरस किलोमीटरवरून पाचशेच्या आत आणला होता. पाणी साठवायचं नाही, वाहतं पाणीच वापरायचं. कागदावर हा मोठा विजय होता.

पण नदीला एक शंभर किलोमीटरचं वळण आहे, वोल्ता ग्रांदे. अभियंत्यांनी वीस किलोमीटरचा कालवा खोदून ते वळणच टाळलं. मुख्य वीजगृहातली १८ टर्बाइन्स पूर्ण भाराने चालवायला सेकंदाला सुमारे १४,००० घनमीटर पाणी लागतं. एप्रिलच्या पुरात शिंगूत सरासरी वीसेक हजार घनमीटर पाणी असतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात हजाराच्या आसपास. म्हणजे कोरड्या महिन्यांत ११,२३३ मेगावॅटचं हे केंद्र बव्हंशी झोपलेलं असतं, आणि पुराच्या महिन्यांत वळणाच्या वाट्याचं पाणी कालव्याने जातं. कंपनीच्या वेळापत्रकात वळणासाठी एप्रिलला एका वर्षी ४,००० आणि दुसऱ्या वर्षी ८,००० घनमीटर ठेवले होते.

चार हजारात काय होतं? वळणावरच्या बेटांत झुडपांची दाट राई असते. पुराचं पाणी तिच्या बुंध्यांत शिरलं की मासे आत येऊन अंडी घालतात, गळून पडलेली फळं खातात. पाणी उशिरा चढलं किंवा लवकर उतरलं की अंडी उघड्यावर पडून वाळतात. काठावरचे जुरुना लोक वर्षानुवर्षं पाण्याची पातळी आणि जाळ्यात आलेला मासा वहीत टिपत आले आहेत. माझ्या मते या प्रकल्पाचा सर्वांत विश्वासार्ह हिशेब त्या वह्यांत आहे. बुडीत जमीन मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात हे वळण सापडत नाही, कारण ते बुडालेलं नाही. ते कोरडं पडलं आहे.

ॲमेझॉनच्याच मदेइरा या उपनदीवर तंत्र याहूनही नाजूक वापरलं. आपल्या कोयनेचं पाणी साडेचारशे मीटरहून अधिक खाली झेपावतं. पोर्तो वेल्यो शहराजवळच्या सांतो आंतोनियो केंद्राला जेमतेम चौदा मीटर उंची मिळते. म्हणून तिथे बल्ब टर्बाइन बसवली. जनित्र लोखंडी बल्बच्या कवचात बंद, आणि ते सगळं आडवं, वाहत्या पाण्याच्या पोटात. सांतो आंतोनियोत अशी ५०, वरच्या जिराउ केंद्रात आणखी ५०. दोन्ही मिळून सात हजारांहून अधिक मेगावॅट, तेही बाल्बिनाच्या तुलनेत बऱ्याच लहान जलाशयांत. अभियांत्रिकीला इथे मनापासून दाद द्यावी लागते.

याच नदीत दोरादा नावाचा सोनेरी मांजरमासा राहतो. तो जन्मतो अँडीजच्या पायथ्याशी, बोलिव्हिया आणि पेरूत. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत थेट ॲमेझॉनच्या मुखाशी पोचतात, वाढतात आणि काही वर्षांनी अंडी घालायला परत वर निघतात. जाऊन-येऊन सुमारे ११,६०० किलोमीटर. गोड्या पाण्यातला एवढा लांब प्रवास दुसऱ्या कुठल्याच माशाचा माहीत नाही. हा प्रवास माशाच्या कानातल्या खड्यावर नोंदलेला असतो. खोडाला जशी वर्षाची वलयं, तशी त्या खड्याला. प्रत्येक वलयात त्या त्या नदीच्या पाण्यातल्या स्ट्राँशियमची खूण. संशोधकांनी खडे कापून पाहिलं, तर मदेइरातले बहुतेक दोरादा आपल्या जन्माच्या खोऱ्यातच परतत होते.

धरणाशेजारी माशांसाठी खळाळत्या पाण्याची वाट बांधली. दोरादाने ती जवळपास नाकारलीच. उलट्या बाजूने येणाऱ्या पिल्लांना तर जिवंत प्रवाह हवा, संथ पाण्यात ती तळाला बसतात. वर बोलिव्हियात दोरादा जाळ्यात येईनासा झाला. ऑक्टोबर २०२३ च्या दुष्काळात नदी इतकी आटली की सांतो आंतोनियो केंद्रच बंद ठेवावं लागलं.

मग वीज करायचीच नाही का? करावी, पण जागा आधी निवडावी आणि यंत्र नंतर. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या अभ्यासाने ॲमेझॉन खोऱ्यातली बांधलेली १५८ आणि प्रस्तावित ३५१ धरणं एकत्र तपासली. देशोदेशींनी आपापलं पाहिलं तर नुकसान वाढतं; सगळं खोरं एक धरून ठरवलं तर तेवढीच वीज कितीतरी कमी हानीत मिळते. मूळ प्रवाह मोकळा ठेवावा, उंच धबधब्यामुळे मासा मुळातच जात नाही अशा उपनद्या आधी घ्याव्यात, पुराचं पाणी आधी नदीला आणि उरलेलं टर्बाइनला द्यावं, हे मला यातून दिसतं. मदेइरावर हे झालं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदला स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद भरली आणि दोरादाला संरक्षणाच्या यादीत जागा मिळाली. तो प्रस्ताव ब्राझीलनेच मांडला होता.