थेंब चुकवू नका, नजर गमावू नका

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू असते. पुष्कळ वडीलधारी माणसे नुसती ऐकायला बसतात. अक्षर दिसत नाही, असे सांगतात. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने पुन्हा दिसू लागते. पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. हा फरक प्रत्येक कुटुंबाने समजून घेतला पाहिजे.

डोळ्यात सतत एक पाणी तयार होते आणि बारीक वाटेने बाहेर जाते. ते तुंबले की डोळ्यातील दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुधा दुखत नाही. आधी बाजूचे दिसणे कमी होते, चौकटीला खांदा लागतो. समोरचे दिसत असल्याने माणूस दवाखान्यात जात नाही.

थेंबांचे औषध हा दाब कमी करते. ते नजर वाढवत नाही, उरलेली राखते. इथेच गफलत होते. “थेंब टाकून बी काही फरक नाही पडला,” असे म्हणून बाटली फळीवर पडून राहते. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळीच घर सोडावे लागते. बाटली संपते तेव्हा हाती मजुरी नसते. म्हणून ही जबाबदारी एकट्या आजी-आजोबांवर न टाकता सर्व घराने घ्यावी.

थेंब कसा टाकावा?

हात धुवावेत. मान मागे करून खालची पापणी किंचित ओढावी व एकच थेंब टाकावा. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे हलके दाबावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे.

रात्रीचा थेंब सायंकाळच्या वंदनेशी जोडावा आणि सकाळचा डबा बांधण्याशी. शाळेत जाणाऱ्या मुलाने कॅलेंडरवर खूण करावी. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक बाटल्या महिन्याभरातच वापरायच्या असतात. संपण्याच्या आठ दिवस आधी नवी आणावी. खर्च झेपत नसेल तर औषध बंद न करता डॉक्टरांना स्वस्त औषध विचारावे. दमा असल्यास आधीच सांगावे, कारण टिमोलॉलसारख्या थेंबांनी दम लागू शकतो. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकू नयेत. त्यानेही दाब वाढतो.

आजारी भिक्खूकडे कोणी पाहत नाही, हे दिसताच तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली, अशी कथा विनयपिटकात आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात वेळेवर थेंब टाकणे हीदेखील तशीच सेवा आहे.

काचबिंदू एकाला असला तर त्याच्या भावंडांना व मुलांनाही होण्याचा धोका अधिक असतो. त्यांनी, तसेच चाळिशी ओलांडलेल्या सर्वांनी, डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्ररोग विभाग आहे. पुढच्या खेपेला आजोबांसोबत त्यांच्या मुलानेही तपासणीला बसावे.