केनेडी घराणे
अमेरिकेच्या राजकारणातील एक आयरिश वंशाचे घराणे. मूळ गाव आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातील न्यू रॉसजवळचे डंगन्सटाउन. बटाट्याचे पीक बुडून पडलेल्या दुष्काळात (१८४५–५२) येथील पॅट्रिक केनेडी बॉस्टनला गेला. तो १८५८ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी जन्मलेला मुलगा पॅट्रिक जोसेफ (१८५८–१९२९) मॅसॅचूसेट्सच्या विधिमंडळाचा सदस्य झाला. नातू जोसेफ (१८८८–१९६९) ब्रिटनमध्ये अमेरिकेचा राजदूत होता (१९३८–४०), तर पणतू जॉन (१९१७–६३) १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.

बॉस्टनपासूनची वंशावळ अमेरिकेतील नोंदींवरून जुळते. त्यामागील पिढ्यांचा शोध मात्र बिकट ठरतो. १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांचे बहुतेक कागद नष्ट झाले. त्यामुळे कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह-नोंदवह्या आणि ग्रिफिथची स्थावर-मूल्यांकनपत्रके (१८४७–६४) यांवरच मुख्यतः विसंबावे लागते. मूल्यांकनपत्रकांत जमीनधारक व मालक यांचीच नावे असतात. घरातील इतरांची नसतात. अशा वेळी गावी राहिलेल्या शाखेची स्मृती मोलाची ठरते. डंगन्सटाउनच्या नातलगांनी हा दुवा टिकविला. जॉन केनेडीने जून १९६३ मध्ये त्यांची भेट घेतली.