रानफुलांचे आयुष्य : वार्षिक, द्विवार्षिक आणि बहुवार्षिक

वनस्पतींचे वार्षिक, द्विवार्षिक व बहुवार्षिक असे तीन प्रकार आपण शाळेपासून शिकतो आणि शिकवतो. तरीही ‘टाकळा दरवर्षी त्याच जागी दिसतो, म्हणून तो बहुवार्षिक’ असे उत्तर वर्गात सहज येते. झाड जागेवर दिसते का, हा खरा प्रश्न नाही. तेच मूळ जिवंत आहे का, हा आहे.

कडोदऱ्यासारख्या गावात रस्त्याकडेला पावसाळ्यात टाकळा माजतो. गुजराती विद्यार्थी त्यालाच कुवाडियो म्हणतात, खानदेशातील तरोटा. उगवणे, फुलणे, शेंगा धरणे आणि वाळणे हे सारे तो एका वर्षात उरकतो. पुढील पावसात दिसते ते बियांतून आलेले नवे रोप. कळलावीचे याउलट आहे. पावसाळ्यानंतर तिची वेल वाळते, पण जमिनीतील कंद जगतो आणि पुन्हा फुटतो. म्हणून ती बहुवार्षिक. सदाफुलीचे तर नावच बोलके आहे : उर्दूत सदाबहार, गुजरातीत बारमासी.

द्विवार्षिकाचे उदाहरण म्हणून पुस्तकांत युरोपातील फॉक्सग्लोव्ह येते. हृदयविकारावरील त्याच्या उपयोगाविषयी विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये ग्रंथ लिहिला. हे झाड पहिल्या वर्षी फक्त पानांचा झुबका धरते, थंडी सोसून दुसऱ्या वर्षी फुलते, बी देते आणि बहुधा मरते. मात्र त्याच कुळातील पिवळ्या फुलांची एक जात बहुवार्षिक आहे. आपल्याकडे हाच क्रम समजावण्यास कांदा पुरेसा आहे. एका हंगामात तो पोसतो. तोच कांदा पुन्हा लावला की थंडीनंतर गोंडे येऊन बी धरते.

सह्याद्रीतील कारवी मात्र या चौकटीत सरळ बसत नाही. ती सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदाच फुलते आणि बी देऊन मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 व 2024 मध्ये असा बहर आला.

या वर्गीकरणाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. कळलावीचे फूल तोडले तरी कंद राहतो. साताऱ्याजवळील कास पठारावरचा तेरडा वार्षिक. बी पडण्यापूर्वी तो तुडवला गेला, तर पुढच्या वर्षाची भिस्त मातीत शिल्लक असलेल्या बियांवरच. कारवीला तर दुसरी संधीच नाही. म्हणून सहलीस नेताना विद्यार्थ्यांना फुलाच्या नावाबरोबर त्याचे आयुष्यही विचारावे.