मापाची सायकल

शिंप्याकडे ब्लाऊज टाकून दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत हेलपाटे घालणाऱ्या गृहिणीला मापाने शिवणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. तयार कपडा स्वस्त आणि तत्काळ. मापाचा महाग आणि उशिरा. हा हिशेब आपल्या अगदी अंगवळणी पडला आहे. जपानातील एका सायकल-कारखान्याने १९८७ साली त्याला तडा दिला.

मात्सुशिता उद्योगसमूहातील (२००८ पासून हा समूह पॅनासॉनिक या नावाने ओळखला जातो) नॅशनल बायसिकल ही ती कंपनी. दुकानात गिऱ्हाइकाच्या अंगाची मापे घेत, मग रंग, हँडल, ब्रेक यांची निवड होई. हवे तर सांगाड्यावर त्याचे नावही घालीत. सारा तपशील फॅक्सने कारखान्यात जाई, संगणक आराखडा काढी आणि सायकल जुळू लागे. निवडीचे प्रकार एक कोटीच्या वर! किंमत अर्थातच अधिक असे; पण न खपलेला माल पडून राहण्याचे भय नव्हते.

कोटीचा आकडा ऐकून दचकू नये. पाच तऱ्हेच्या पोळ्या-भाकऱ्या, सहा भाज्या, चार चटण्या व तीन कोशिंबिरी करून ठेवा आणि प्रत्येकातले एकेक वाढा. पदार्थ अवघे अठरा, पण निरनिराळी ताटे होतात ३६०. सुटे भाग ठरावीक ठेवायचे आणि जुळणी शेवटच्या घडीपर्यंत लांबवायची, एवढीच यातली मेख. आपल्या रंगवाल्याच्या दुकानातही हेच चालते. पूर्वी न खपलेल्या छटांचे डबे फळीवर धूळ खात. आता मूळ रंगाचे मोजके डबे असतात आणि आपण छटा दाखविली, की यंत्र त्यात थेंब मोजून रंगद्रव्ये सोडते.

जपानी सायकलीची खरी गंमत पुढेच आहे. ती काही तासांत तयार होऊ शके. तरी गिऱ्हाइकाला मिळे दोन आठवड्यांनी. का? तर खास आपली वस्तू येणार म्हणून वाट पाहण्यातही माणसाला सुख असते, असे कंपनीचे मत! आमच्या शिंप्यांना हे शास्त्र कोणी शिकविले, कोण जाणे.

मात्र शिंप्याला एक गोष्ट साधते, ती यंत्राला अजून साधलेली नाही, असे मला वाटते. यंत्र जेवढे विचारते तेवढेच त्याला कळते. जुना शिंपी टेप गळ्यात टाकून नुसता पाहतो, डावा खांदा किंचित उतरता आहे हे टिपतो, आणि गिऱ्हाइकाला न सांगताच तेथे अस्तर जरा जाड घालतो.