भावपत्रकावर परक्याची लेखणी

खतावणी गिऱ्हाइकापुढे उघडून वर लेखणीही त्याच्या हाती द्यावी, असा व्यवहार कोणी व्यापारी करणार नाही. परंतु मजकुराचे ठोकळे रचून बांधलेल्या संकेतस्थळावर क्वचित नेमके तेच घडते. ग्राहक भावाच्या आकड्यावर टिचकी मारतो, तेथे लुकलुकणारी रेघ उभी राहते आणि आकडा खोडून नवा लिहिता येतो!

वर्डप्रेसने ही ठोकळ्यांची पद्धत डिसेंबर २०१८ मध्ये रूढ केली. पान रचणाऱ्यास पडद्यावरच लिहिता यावे म्हणून मजकुरास ‘कंटेंटएडिटेबल’ हे चिन्ह जोडलेले असते. पान जतन होताना ते गळून पडावयाचे असते. मात्र रचनेच्या पडद्यामागील संकेतलिपी कोणी जशीच्या तशी उचलून पानात चिकटविली, की तेही सोबत येते.

असा बदल त्या ग्राहकाच्याच यंत्रावर दिसतो. पान पुन्हा उघडताच मूळ भाव परत येतो. पेढीच्या नोंदीस धक्का लागत नाही. धोका आहे तो बदललेल्या आकड्याचे छायाचित्र दाखवून हुज्जत घालणाऱ्याचा. (जाणत्यास असे छायाचित्र कोणत्याही पानाचे बनविता येते, हे वेगळेच.) तेव्हा संकेतस्थळ बांधणाऱ्याकडून ते चिन्ह शोधून काढवावे, आणि वादात छायाचित्र नव्हे, तर पेढीचे बिल प्रमाण धरावे.