अनुपलब्धी आणि अभाव : रोबो व्हॅक्यूम क्लीनरच्या कडा-संवेदकाचा खोटा इशारा

सपाट फरशीवर केर काढीत असलेला रोबो व्हॅक्यूम क्लीनर एकाएकी थबकतो, मागे सरतो, दिशा बदलून पुढे येतो आणि पुन्हा मागे सरतो. काही वेळाने तो जागच्या जागी थांबतो व कडा-संवेदकात दोष असल्याची, किंवा यंत्र एखाद्या कड्याशी येऊन ठेपल्याची, सूचना देतो. जवळपास जिना नसतो, पायरी नसते. असतो तो एखादा काळा गालिचा किंवा खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा. कधी तेही नसते. अशा वेळी यंत्र बिघडले असे मानून ते दुरुस्तीस पाठविण्याकडे, अथवा संवेदकावर कागद चिकटवून त्याचे तोंड बंद करण्याकडे वापरणाऱ्याची प्रवृत्ती होते. यांपैकी पहिला उपाय पुष्कळदा अनावश्यक असतो, दुसरा घातक असतो. दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे : यंत्राला कडा 'दिसतो', हा. वस्तुतः यंत्राला कडा कधीच दिसत नाही. त्याला काहीतरी दिसेनासे होते, आणि त्या न दिसण्याचा तो 'कडा' असा अर्थ लावतो. हा अर्थ कोठे बरोबर ठरतो व कोठे चुकतो हे समजले, म्हणजे खोट्या इशाऱ्याचे निदान करण्याचा क्रमही आपोआप समजतो.

१. संवेदकाचे कार्य

यंत्राच्या तळाशी, पुढच्या व बाजूच्या कडांलगत, लहान लहान खिडक्या असतात. प्रत्येक खिडकीच्या आत एक उत्सर्जक व एक ग्राहक अशी जोडी असते. उत्सर्जक म्हणजे अवरक्त प्रकाश देणारा एलईडी. या प्रकाशाची तरंगलांबी साधारणपणे ८५० ते ९५० नॅनोमीटर असते. म्हणून मानवी डोळ्यास तो दिसत नाही. हा प्रकाश खाली फरशीवर पडतो, त्याचा काही अंश परत येतो व ग्राहकात शिरतो. परत आलेला प्रकाश पुरेसा असेल तर खाली जमीन आहे. तो ठरीव सीमामूल्यापेक्षा कमी असेल तर जमीन नाही, असा निर्णय यंत्र करते आणि चाके उलटी फिरविते.

ही योजना किती साधी आहे हे एका प्रसिद्ध यंत्रावरून पाहता येते. आयरोबॉट या अमेरिकन कंपनीने २००२ मध्ये रूंबा हे यंत्र बाजारात आणले. त्याच धर्तीवर शिक्षणासाठी तयार केलेल्या क्रिएट २ या यंत्राच्या ओपन इंटरफेस नावाच्या पुस्तिकेत चार कडा-संवेदकांचे वर्णन आहे : डावा, पुढचा डावा, पुढचा उजवा व उजवा. प्रत्येकाकडून दोन प्रकारची माहिती मिळते. पहिली, परत आलेल्या संकेताचे बल. ते ० ते ४०९५ या मर्यादेत कोठेही असू शकते. दुसरी, कडा आहे किंवा नाही हा निर्णय; तो केवळ १ किंवा ० असतो.

भाषेच्या अभ्यासकास ही घटना अपरिचित नाही. 'प' आणि 'ब' या व्यंजनांमधील भेद ध्वनीच्या पातळीवर अखंड व कमीअधिक प्रमाणाचा असतो; श्रोता मात्र दोहोंपैकी एकच ऐकतो. अखंड प्रमाणाचे दोन तुकड्यांत विभाजन झाले, की सीमेजवळच्या उदाहरणांत चूक होण्याचा संभव उत्पन्न होतो. कडा-संवेदकाच्या पुष्कळशा खोट्या इशाऱ्यांचा उगम या सीमेवरच आहे.

२. न दिसण्याचा अर्थ

कड्याची खूण दोन रीतींनी करता येते. एक रीत अस्तिवाचक चिन्हाची. इलेक्ट्रोलक्स कंपनीचा ट्रायलोबाइट हा व्हॅक्यूम क्लीनर २००१ मध्ये विक्रीस आला, तेव्हा जिना किंवा दार यांच्यापाशी चुंबकीय पट्टी ठेवण्याची योजना होती. पट्टी जाणवली की यंत्र वळत असे. दुसरी रीत अभावाच्या चिन्हाची. कडा-संवेदकात ही दुसरी रीत स्वीकारली आहे. जिन्यापाशी कोणतीही खूण ठेवावी लागत नाही. परावर्तनाचे न येणे हीच खूण. तीत सोय मोठी आहे, पण संदिग्धताही तितकीच आहे.

व्याकरणात शून्य प्रत्ययाची स्थिती अशीच असते. 'घोडा' याचे अनेकवचन 'घोडे' होते. 'दगड' याचे अनेकवचन 'दगड' असेच राहते, आणि तेथे अनेकवचनाचा शून्य प्रत्यय मानता येतो, कारण त्या स्थानी इतरत्र प्रत्यय दिसतो. पाणिनीय परंपरेतही लोप म्हणजे नुसते न दिसणे नव्हे. ज्याची प्राप्ती होती त्याचे न दिसणे, असे स्पष्टीकरण दिलेले आहे. शिवाय 'दगड' हे रूप एकवचनी की अनेकवचनी हे त्या एकट्या रूपावरून सांगता येत नाही. 'पडला' की 'पडले' हे क्रियापद पाहावे लागते. शून्याला दुसरी साक्ष लागते.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा विचार 'अनुपलब्धी' या नावाने झालेला आहे. भाट्ट मीमांसकांनी ती स्वतंत्र प्रमाण मानली, प्राभाकरांनी मानली नाही. 'भूतलावर घट नाही' हे या चर्चेतील नेहमीचे उदाहरण. मात्र कोणत्याही अनुपलब्धीवरून अभाव सिद्ध होत नाही. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असावी लागते. हीच योग्यानुपलब्धी होय. कडा-संवेदकाच्या बाबतीत घटाच्या जागी भूतलच येते, एवढाच फरक. जमीन असती तर ती 'दिसलीच' असती, अशी परिस्थिती नसताना यंत्राने काढलेला निष्कर्ष म्हणजे खोटा इशारा.

३. खोट्या इशाऱ्याची कारणे

असलेली वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, सातव्या कारिकेत, सांगितली आहेत : फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रियाचा बिघाड, मनाचे अनवधान, सूक्ष्मता, आडपडदा, प्रबलाकडून झाकले जाणे आणि सदृश वस्तूंत मिसळणे. अनवधानाचा दोष यंत्रावर ठेवता येत नाही. बाकीची यादी मात्र संवेदकाच्या निदानास उपयोगी पडते.

आडपडदा हे नित्याचे कारण. खिडकीवर धूळ, केस किंवा ओलाव्याचा थर बसला की प्रकाश जाताना व येताना अडतो. पुसण्याची सोय असलेल्या यंत्रांत पाण्याचे शिंतोडेही या खिडक्यांवर उडतात.

प्रबलाकडून झाकले जाणे व सदृशात मिसळणे ही दोन्ही कारणे उन्हात एकत्र येतात. सूर्यप्रकाशात अवरक्त प्रकाश विपुल असतो. ग्राहक त्याने भरून गेला की एलईडी लावल्याने व विझविल्याने पडणारा फरक त्यास कळेनासा होतो. दिवसा तारे असतात, पण दिसत नाहीत. तसाच हा प्रकार. ठराविक खोलीत व ठराविक वेळीच येणारा इशारा बहुधा या कारणाचा असतो.

दूरत्वाचा दोष उंबरठ्यावर घडतो. यंत्र उंबरठ्यावर किंवा गालिच्याच्या जाड काठावर चढताना त्याचे नाक वर उचलले जाते व पुढच्या संवेदकापासून जमीन दूर जाते. येथे संवेदक खोटे बोलत नाही. अंतर खरोखरच वाढलेले असते. याच्या उलट, दाट लव असलेल्या गालिच्यात खिडकी रुतली तर काही रचनांत उत्सर्जकाचा झोत व ग्राहकाचे दृष्टिक्षेत्र यांचा छेदच होत नाही. हे अतिसामीप्य होय.

काळ्या पृष्ठभागाचे कारण सर्वांत परिचित आहे, व त्याचाच अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. काजळीसारखे रंगद्रव्य अवरक्त प्रकाशही शोषून घेते. परत येणारा अंश इतका सूक्ष्म असतो की तो सीमामूल्याखाली जातो. पण डोळ्यास काळा दिसणारा प्रत्येक पृष्ठभाग असा नसतो. कापडाचे कित्येक काळे रंग दृश्य प्रकाश शोषतात, अवरक्त मात्र परत पाठवितात. म्हणून दोन गालिचे डोळ्यास सारखेच काळे असूनही एकावर यंत्र निर्वेध चालते व दुसऱ्यावर अडते. 'काळा' ही मानवी दृष्टीची कोटी आहे. यंत्राच्या कोटी निराळ्या. आरशासारख्या गुळगुळीत फरशीवर किंवा काचेवरही अडचण येऊ शकते. तेथे प्रकाश शोषला जात नाही, पण ग्राहकास चुकवून भलत्या दिशेस जातो किंवा आरपार निघून जातो.

इंद्रियाचा बिघाड, म्हणजे एलईडी किंवा ग्राहक निकामी होणे अथवा त्यांची तार सुटणे, हे कारण संभवनीय आहे. परंतु ते शेवटी विचारात घ्यावयाचे आहे, प्रारंभी नव्हे.

४. निदानाचा क्रम

निदानाचे सूत्र भाषाशास्त्रातील परीक्षेसारखेच आहे : एका वेळी एकच घटक बदलावा आणि फरक पडतो की नाही ते पाहावे.

प्रथम जागा बदलावी. फिकट रंगाच्या, सपाट, उन्हापासून दूर असलेल्या फरशीवर यंत्र चालवावे. तेथे इशारा थांबला तर दोष यंत्रात नाही, विषयात किंवा परिस्थितीत आहे. मग त्याच मूळ जागी पडदा ओढून, अथवा सूर्यास्तानंतर, पुन्हा पाहावे. इशारा थांबल्यास कारण ऊन; न थांबल्यास पृष्ठभाग.

फिकट फरशीवरही इशारा येत राहिला तर यंत्र बंद करून उलटे ठेवावे. प्रत्येक खिडकी मऊ, कोरड्या कापडाने किंवा कापसाच्या काडीने पुसावी. पाणी किंवा द्रावक फवारू नये; तो आत शिरून नवा पडदा निर्माण करतो. याच वेळी चाके वरखाली नीट होतात का, तेही पाहावे. चाक खाली लोंबले आहे हे सांगणारा कळीसारखा स्वतंत्र संवेदक असतो. त्याची सूचना व कड्याची सूचना यांची गल्लत पुष्कळदा होते. 'दगड' या रूपाला क्रियापदाची साक्ष लागते, तशी कड्याच्या सूचनेस चाकाची साक्ष उपयोगी पडते.

त्यानंतर कोणता संवेदक इशारा देतो हे शोधावे. मूळ अडचणीच्या जागी एकेका संवेदकाखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा फरशीवर ठेवून यंत्र सुरू करावे. ज्या संवेदकाखाली कागद येताच इशारा थांबतो, तो संवेदक धड आहे. त्याच्या खालची जमीनच त्यास दिसत नव्हती. स्वच्छ खिडकी व पांढरा कागद असूनही एकाच बाजूचा इशारा कायम राहिला, तर बिघाडाची शंका रास्त ठरते.

एलईडी जळतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहता येते. पुष्कळ कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाश फिकट जांभळ्या ठिपक्यासारखा उमटतो. मात्र येथेही तोच नियम लागू आहे. कित्येक कॅमेऱ्यांवर अवरक्त गाळणारी काच असते आणि यंत्र बंद असता एलईडीही बंद असतो. म्हणून आधी दूरचित्रवाणीच्या रिमोटवर कॅमेरा तपासावा, यंत्र चालू ठेवावे, फिरत्या ब्रशापासून बोटे दूर ठेवावी. कॅमेऱ्याची योग्यता सिद्ध झाल्यावरच ठिपका न दिसण्यास प्रामाण्य येते.

५. संवेदक झाकण्याचा उपाय

काळ्या गालिच्यावर यंत्र चालावे म्हणून संवेदकावर पांढरा कागद किंवा चकचकीत पट्टी चिकटविण्याचा उपाय काही जण योजतात. त्यानंतर गालिचा झाडला जातो, हे खरे. परंतु यंत्राला आता सर्वत्र जमीनच 'दिसते', जिन्यापाशीही. ज्या चिन्हाचा विरोधी पर्यायच उरला नाही, ते चिन्ह काहीच सांगत नाही.

दोन चुकांचे मोल सारखे नसते. नसलेला कडा मानला तर एक गालिचा झाडावयाचा राहतो. असलेला कडा मानला नाही तर तीन-चार किलो वजनाचे यंत्र जिन्यावरून कोसळते, आणि त्या वेळी जिन्यावर एखादे मूलही असू शकते. संशय आल्यास थांबण्याकडे यंत्राचा कल असणे म्हणूनच इष्ट आहे, आणि खोट्या इशाऱ्यांचा काही अंश ही त्या सुरक्षिततेची किंमत होय. ज्या घरात जिना नाही, गच्चीची पायरी नाही, सखल न्हाणीघर नाही, तेथे धोका कमी असेल. पण यंत्र दुसऱ्या घरी नेले, तर चिकटविलेली पट्टी बरोबर जाते व तिची आठवण राहत नाही.

याहून चांगला मार्ग अस्तिवाचक चिन्हाकडे परतण्याचा आहे. नकाशा तयार करणाऱ्या यंत्रांत मोबाइलवरून वर्ज्य क्षेत्र आखता येते. काळा गालिचा त्यात घालावा व हाताने झाडावा. उन्हाच्या खोलीसाठी सकाळची वेळ बदलावी. अडणाऱ्या उंबरठ्यावर लहान उतरंड बसवावी.

यंत्र 'कडा' हा शब्द उच्चारते, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो : पाठविलेला प्रकाश परत आला नाही. तो का परत आला नाही, हे संवेदक सांगू शकत नाही. ते वापरणाऱ्यानेच शोधावयाचे असते. त्यासाठी यंत्र उघडण्यापूर्वी, आणि संवेदक झाकण्यापूर्वी तर अवश्यच, एक प्रश्न विचारावा : जमीन असती तर ती त्यास दिसली असती काय?